डिप्रेशन कशाला म्हणायचं?

अवकाळी पाऊस झाला की द्राक्षबागायतदार, पेपर अवघड गेला की कॉलेजची पोरं, ‘डिप्रेशन आलंय’ असं नाशकात सर्रास म्हणतात. हवामान खात्याच्या बातमीतही हा शब्द येतो; तिथे तो ताशी साधारण ३१ ते ५० किलोमीटर वेगाने वारे वाहणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रासाठी वापरतात.

वैद्यकात मात्र डिप्रेशन (नैराश्याचा आजार) हे निदान आहे. सतत उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं, यांपैकी एक तरी लक्षण किमान २ आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ टिकतं. जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडते. आपण निकामी आहोत असं वाटतं, मरणाचे विचारही येतात.

पिंपळगावकडच्या शेतकऱ्याला तात्पुरती उदासी आणि हा आजार यांतला फरक सहज कळेल. टोमॅटोचं रोप भर उन्हात मान टाकतं, संध्याकाळी सावरतं. मर रोग (मुळांतून शिरणारी बुरशी) लागलेलं रोप मात्र पाणी घालूनही उभं राहत नाही.

‘मन घट्ट कर’ हे सांगणं मायेपोटीच असतं. पण या आजारात नेमकी तीच ताकद खचलेली असते; तो आळस नव्हे. गोळ्यांचीही उगाच भीती असते. नैराश्यावरची औषधं म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. आठच दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, डॉक्टरांना न विचारता त्या सोडू नयेत. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस सुरू असते. तिथे मराठीतही बोलता येतं.