क्षयाची मुदत आणि शिध्याचा हिशेब

घरात कोणाला क्षय झाला म्हणजे डॉक्टरांनी हवापालटाचा सल्ला द्यावा, घरच्यांनी दागिना मोडून पाचगणीची अथवा मिरजेजवळच्या वानलेसवाडीची वाट धरावी, आणि तेथील आरोग्यधामाच्या व्हरांड्यात पडून रुग्णाने दूध, अंडी, मोकळी हवा व सक्तीची विश्रांती यांच्या बळावर महिनेच्या महिने काढावेत, हा शिरस्ता आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातील सुखवस्तू कुटुंबांच्या चांगला परिचयाचा होता. ज्यांच्याकडे मोडावयास दागिनाच नव्हता त्यांच्यासाठी शिरस्ता म्हणून काही नव्हताच. प्राचीनांचा राजयक्ष्मा हा दक्षाच्या शापाने चंद्राला जडलेला रोग. त्याचा जंतू २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी जगापुढे मांडला खरा, परंतु शत्रूची ओळख पटूनही त्यानंतर साठ वर्षे त्याच्यावर चालेल असे शस्त्र कोणाच्या हाती लागले नाही, आणि अन्न व हवा हीच औषधे मानण्यावाचून वैद्यांना गत्यंतर उरले नाही.

ते शस्त्र १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनच्या रूपाने लाभले. युद्धोत्तर इंग्लंडात हे औषध सर्वांना पुरेल इतके नव्हतेच, म्हणून तेथील संशोधन परिषदेने १०७ रुग्णांची यदृच्छेने विभागणी करून ५५ जणांना औषध दिले व ५२ जणांना केवळ विश्रांतीवर ठेवले. सहा महिन्यांअखेर पहिल्या गटात ४ आणि दुसऱ्या गटात १४ मृत्यू झाल्याचे १९४८ साली प्रसिद्ध झाले. आजचे बहुतेक वैद्यकीय संशोधन ज्या पद्धतीने चालते तिचा हा आद्य नमुना होय, आणि टंचाईच्या पोटी अशी शिस्त जन्मावी यात मला तरी काही विपरीत वाटत नाही. एकट्या औषधाला जंतू लवकरच दाद देईनासा होतो हेही त्याच प्रयोगाने दाखविले, म्हणून दोन-तीन औषधे एकत्र देण्याची रीत पडली. १९५२ साली आयसोनायाझिड आल्यावर ती स्वस्तही झाली.

यापुढचे प्रकरण मात्र आपल्या देशात, मद्रासेत घडले. लक्षावधी क्षयरोगी आणि त्यांच्या मानाने मूठभर खाटा, अशा स्थितीत औषधे घरीच देऊन भागेल काय, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी १९५६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश संशोधन परिषद यांनी मिळून तेथे एक केंद्र स्थापिले, आणि वॉलेस फॉक्स यांच्या देखरेखीखाली शहरातील गरीब वस्त्यांतील रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात व काहींना त्यांच्याच दाटीच्या घरांत ठेवून एक वर्ष तीच औषधे दिली. आरोग्यधामातील रुग्ण पोटभर जेवत होते, विश्रांती घेत होते आणि त्यांचे वजनही अधिक वाढले. घरचे रुग्ण अपुरे खात होते, कामाला जात होते, एकाच खोलीत पोराबाळांसह निजत होते. आणि तरीही १९५९ साली निकाल जाहीर झाला तेव्हा जंतुमुक्तीच्या बाबतीत दोन्ही पक्ष जवळजवळ बरोबरीचे ठरले, इतकेच नव्हे, तर घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना त्यामुळे अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही. या एका निष्कर्षाने जगभरची आरोग्यधामे हळूहळू बरखास्त केली, आणि गरिबाला खाट मिळेपर्यंत मरणाची वाट पाहावी लागण्याचा काळ संपविला.

परंतु प्रत्येक निकालाबरोबर एक मखलाशीही जन्माला येते. औषध नियमित घेतले तर अपुऱ्या आहारातही जंतू मरतात, एवढेच मद्रासेने सिद्ध केले होते. दप्तरांत मात्र त्याचा अर्थ असा उतरला की, क्षयाच्या इलाजात आहाराला स्थान नाही. मग कार्यक्रम आखला गेला तो गोळ्यांचा, गोळी गिळताना पाहणाऱ्या साक्षीदाराचा आणि बेडका तपासणीच्या नोंदवहीचा. रिफॅम्पिसिन आल्यावर मुदत सहा महिन्यांवर आली. लघवी तांबूस झाली तरी घाबरू नये, हे रुग्णाला समजावण्याची पद्धत पडली. पण तो घरी काय खातो हे विचारण्याचा रकाना बहुतेक तक्त्यांत नव्हता. औषध लागू पडू लागले की भूक खवळते, आणि खवळलेली भूक घेऊन काय करावे हे कोणीच सांगत नाही, ही अनेक रुग्णांची कैफियत नोंदविण्याजोगी कोणाला वाटली नाही.

ती नोंदविली झारखंडातील एका अलीकडच्या अभ्यासाने. मंगळुरूचे अनुराग व माधवी भार्गव हे डॉक्टर दांपत्य आणि त्यांचे सहकारी यांनी चार जिल्ह्यांतील २,८०० रुग्ण व त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे या अभ्यासात घेतली. सर्व रुग्णांना दरमहा सुमारे १० किलोंचा शिधा दिला. कुटुंबांपैकी निम्म्यांना मात्र त्याखेरीज घरातील प्रत्येक मोठ्या माणसामागे ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या पोचविल्या. २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्या घरांतील सर्वांना शिधा मिळाला त्यांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि जंतू आढळणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयाचे ४८ टक्क्यांनी कमी झाले. लशीकडून अपेक्षावे असे हे फळ तांदूळ आणि डाळ यांनी दिले. खुद्द रुग्णांपैकी पाचांतील चारांहून अधिक कुपोषित होते, आणि पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. मद्रासेचे ते १९५६ चे केंद्र आज चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून नांदते आहे, आणि झारखंडच्या या कामात तिचाही हात आहे. म्हणजे ज्या घराण्याने आहाराला दाराबाहेर ठेवण्याचे निमित्त पुरविले, त्याच घराण्याने त्याला पुन्हा पाटावर बसविले.

औषधांच्या बाजूलाही हालचाल मोठी आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण वर्णिले, त्याने २०१२ साली देशभर खळबळ उडाली. तेव्हा अशा हट्टी क्षयाची मुदत दीड-दोन वर्षांची असे, आणि इंजेक्शनांनी कित्येकांची श्रवणशक्ती कायमची जाई. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांच्या सहा महिन्यांच्या, इंजेक्शनविरहित उपचाराने २०२२ च्या चाचणीत ८९ टक्के रुग्णांस गुण आला, जुन्या रीतीने ५२ टक्क्यांस. भारत सरकारने त्यास २०२४ मध्ये मंजुरी दिली. बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढविण्याचा अर्ज २०२३ साली भारतात फेटाळला गेला, तो ज्यांच्या हरकतीमुळे, त्यांत मुंबईची एक व दक्षिण आफ्रिकेतील एक अशा दोन तरुणी होत्या. क्षयातून दोघीही वाचल्या होत्या, पण उपचारांत दोघींचेही कान गेले होते.

निदानाच्या बाबतीत, गोव्यात बनणारे ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही बेडक्यातील जंतूचे जनुक ओळखू शकते. राष्ट्रीय पाहणीत छातीचा एक्स-रे काढला नसता तर शंभरांतील चाळीसहून अधिक रुग्ण निसटले असते, म्हणून हातात वागविण्याजोगी एक्स-रे यंत्रे वाड्यावस्त्यांवर जाऊ लागली आहेत. नव्या लशीची मोठी चाचणी आफ्रिकेत व इंडोनेशियात चालू आहे. तिच्याविषयी आज अधिक लिहिणे उतावीळपणाचे होईल.

रुग्णाच्या पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये बँकेत जमा होत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. रक्कम त्याच्या नावे येते. ताट मात्र घरात एकट्याचे नसते. त्याच्या नावाचे दूध लेकराच्या पेल्यात जाते, आणि ते जाऊ नये असे म्हणणारी आई मी पाहिलेली नाही. झारखंडात साऱ्या घरालाच शिधा देण्यामागचे इंगित कदाचित हेच असेल. दोन महिन्यांनी रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा त्याचा बेडका तपासला जातोच. कोपऱ्यातल्या काट्यावर त्याला उभे करण्यास अर्धा मिनिट लागतो. ४२ किलो वजनाने उपचार सुरू झालेल्या माणसाच्या बाबतीत ते ५ टक्के म्हणजे २ किलो १०० ग्रॅम.