पाठ कोणता?

गेल्या वर्षी आमच्या विभागाने ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांचे एक छोटे संकेतस्थळ करावयाचे ठरविले. आळंदीत राहून दुसरा विषय सुचणे कठीणच! माझ्या संगणकावर ते उत्तम चालत होते. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ते मित्राच्या संगणकावर उतरविले, तर पडदा कोराच्या कोरा. आम्ही एक अक्षरही बदलले नव्हते. मग बिघडले काय?

संकेतस्थळातले सगळेच काही आपण लिहीत नाही. तारीख मांडणे, यादी लावणे अशी कामे इतरांनी लिहून ठेवलेल्या ‘पॅकेज’कडे किंवा ‘लायब्ररी’कडे सोपवितो. (या लायब्ररीत ग्रंथपाल नसतो!) ती पॅकेजे आणखी दुसऱ्यांवर विसंबलेली. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या कर्त्याने ‘एनपीएम’ या भांडारातून काढून घेतले. त्यासरशी, ज्यांनी त्याचे नावही ऐकले नव्हते अशांची कामे अडली.

पॅकेजच्या आवृत्तीला तीन अंक असतात. ‘२.३.१’ घ्या. शेवटचा अंक वाढला म्हणजे चूक दुरुस्त झाली. मधला वाढला म्हणजे नवी सोय आली, जुने शाबूत. पहिला वाढला की जुने मोडले असे समजावे. अर्थात हा संकेत आहे, कायदा नव्हे. प्रकल्पाच्या यादीत या आकड्यामागे बहुधा ‘^’ असे चिन्ह असते, पोथीतल्या हंसपदासारखे. त्याचा अर्थ, पहिला अंक तोच ठेवून सर्वांत नवी आवृत्ती घे. माझ्याकडे ‘२.३.१’ होती, मित्राकडे ‘२.५.०’ आली, आणि तिच्यातल्या ‘सोयी’ने आमचे काम मोडले.

हे सापडले कसे? प्रथम चुकांच्या यादीतली पहिली ओळ वाचली. खालच्या बहुतेक ओळी तिचीच पिलावळ होती. मग दोन्ही संगणकांवर ‘एनपीएम एलएस’ ही आज्ञा देऊन आवृत्त्या समोरासमोर ताडून पाहिल्या, दोन पोथ्या ताडाव्यात तशा. प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदविणारी ‘पॅकेज-लॉक’ नावाची फाईल असते. ती फार लांबलचक म्हणून मी मित्राला दिलीच नव्हती! ती दिली, ‘नोड मॉड्यूल्स’ हा फोल्डर पुसून टाकला आणि ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा दिली. ही आज्ञा लॉकमधील नोंदीबाहेर जात नाही. काकड्याच्या सुमारास पडदा उजळला.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. तेही एक लॉकच. पण संगणकात असे कायमचे कुलूप परवडत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग४जे’ या जावाच्या लायब्ररीत भलेमोठे भगदाड सापडले. दुरुस्त आवृत्ती आल्यावरही भगदाड असलेलीच आवृत्ती धरून बसणाऱ्यांचा धोका कायम राहिला. म्हणून नवे घ्यावेच लागते. मी आता एका वेळी एकच पॅकेज बदलतो, त्यासोबतची बदलांची टीप वाचतो, संकेतस्थळ चालवून पाहतो आणि मगच पुढच्याला हात लावतो. मित्र मात्र अजूनही सगळी एकदम बदलतो आणि रात्री मला उठवितो.