मोठा नळ वळतो कसा?

भिवंडी तालुक्यातून मुंबईकडे जाणाऱ्या अजस्र जलवाहिन्यांची वळणे निरखून पाहा. ती सहसा एकसंध गोलाईची नसतात, तिरक्या जोडांची असतात. एवढा नळ अखंड वाकवणे फारच अवघड, म्हणून.

नळ वाकताना बाहेरची भिंत ताणून पातळ होते, आतली दबून तिला सुरकुत्या पडतात आणि गोल छेद अंडाकृती होतो. वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट असली, तरी बाहेरची बाजू सुमारे 17 टक्के ताणली जाते. जाड नळाचा अरुंद पट्टा विजेने लालभडक तापवून, तेवढाच वाकवून लगेच पाण्याने थंड करतात. जलवाहिनीचा पत्रा मात्र व्यासाच्या मानाने पातळ. तिथे तिरके तुकडे कापून वेल्डिंग करणेच शहाणपणाचे.

यापुढचे आव्हान मला अधिक थक्क करते. 2400 मिलिमीटर व्यासाच्या नळात 50 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असेल, तर काटकोनी वळणाला सुमारे 320 टनांचा रेटा बसतो. तो पेलायला काँक्रीटचे भक्कम ठोकळे बांधतात. ठोकळ्याला टेकू मागच्या जमिनीचा, म्हणून तिथली माती कुणीही उकरू नये.