खटखटाटातले दशावतार

उधन्यात वाढलेल्या मुलांना मोठ्या आवाजाचं नवल नसतं. आमच्या मागच्या गल्लीत लूमचे कारखाने आहेत. ती खटखट थांबली की उलट जाग येते. माझे पप्पा जळगाव जिल्ह्यातून इथे आले आणि वीस वर्षं लूमवर उभे राहिले. आता त्यांना कमी ऐकू येतं. मी मेटल लावलं की ते चिडायचे. "आम्ही पोटासाठी हा आवाज सोसला, आणि तू हौसेनं ऐकतोस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुंबईच्या 'डेमॉनिक रिसरेक्शन' या बँडचा 'दशावतार' हा अल्बम २०१७ साली आला. साहिल मखिजा यांनी २००० मध्ये हा बँड सुरू केला. (ते यूट्यूबवर स्वयंपाकही शिकवतात, हे कळल्यावर मम्मीचा विरोध निम्मा झाला!) १९८०च्या दशकात अमेरिकेत थ्रॅश मेटल बहरलं. वेगवान गिटार आणि दोन्ही पायांनी वाजवायचा ड्रम ही त्याची ओळख. त्यातूनच पुढे घशातून गुरगुरत गायचं डेथ मेटल आलं. हा बँड त्या वाटेवरचा. प्रोग्रेसिव्ह मेटलसारखी त्यांची गाणीही लांब असतात आणि मध्येच वळण घेतात.

अल्बममध्ये दहा गाणी आहेत. पहिलं मत्स्य, मग कूर्म, वराह, नरसिंह, असं करत शेवटी कल्की. शब्द इंग्रजी आहेत आणि गुरगुरण्यात कळत नाहीत. म्हणून एका रविवारी मी आजीला नुसती नावं वाचून दाखवली. ती बोटांवर मोजत होती. नववं नाव बुद्ध आलं तेव्हा म्हणाली, "आमच्या पंचांगात तिथं विठोबा असायचा." खरंच आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक जुन्या चित्रांत नववा अवतार म्हणून विठ्ठल दिसतो.

पप्पा बाजूला बसून ऐकत होते. मी गाणं लावलं. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला. "इथं ठेका बदलला." मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. खरंच बदलला होता. मी तो अल्बम कितीदा ऐकला असेन, पण ती जागा माझ्या लक्षात आली नव्हती. लूम बिघडली की डोळ्यांआधी कानाला कळतं, असं ते नेहमी सांगतात. शब्द हरवले, तरी त्यांच्या कानात ठेका शाबूत आहे.

मग त्यांनीच आवाज कमी केला आणि म्हणाले, "तुझ्या हातात हे बटण आहे. आमच्या हातात नव्हतं."

मित्रांनो, मेटल जरूर ऐका. घरच्यांनाही ऐकवा. पण हेडफोनचा आवाज निम्माच ठेवा. मी आता ठेवतो.