जुना संगणक: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

निकाल लागले, प्रवेश सुरू झाले की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. घरात आठ-दहा वर्षांचा संगणक आहे, सुरू व्हायलाच पाच मिनिटे घेतो. मुलगी म्हणते, नवा हवा. दुकानदार म्हणतो, हप्त्यावर घेऊन जा. काय करावे?

खर्चाआधी दुखणे कुठे आहे ते पाहावे. संगणक अडखळत असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कचा आकडा सतत १०० टक्क्यांजवळ आणि प्रोसेसर मात्र निवांत असेल, तर बहुधा हार्ड डिस्क थकली आहे. तिच्यात चकती फिरते आणि माहिती शोधायला वेळ जातो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तेवढा एक भाग बदलला की जुन्या यंत्रात जो फरक पडतो, तो पाहिल्याशिवाय पटत नाही. मेमरीचा आकडा ९० च्या आसपास असेल तर रॅम ४ जीबीची ८ करावी. मात्र घेण्यापूर्वी आपली रॅम डीडीआर३ आहे की डीडीआर४ हे पाहा. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच जोडलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

आणि रोज तारीख-वेळ चुकत असेल तर घाबरू नका. आत नाण्याएवढा सेल असतो, तो संपलेला असतो. एवढ्यावरून कोणी ‘मदरबोर्ड गेला’ म्हणाले तर दुसऱ्या दुकानात दाखवा.

पैगंबर (स.) आपली पादत्राणे स्वतः सांधत, हे आपण मुलांना सांगतो. पण दुरुस्तीलाही मर्यादा असते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ नंतरचा, प्रोसेसर लागतो. एसएसडी टाकून प्रोसेसरचे वय कमी होत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करत राहणे बरे नव्हे. अभ्यास, टायपिंग, इंटरनेट एवढेच काम असेल तर त्यावर लिनक्स मिंट टाकता येते. ते मोफत आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येतात. इनपेज मात्र विंडोजसाठी बनलेले आहे, त्यामुळे उर्दू छपाईचे काम करणाऱ्यांची इथे अडचण होईल.

मदरबोर्ड खरोखरच गेला, किंवा लॅपटॉपचा पडदा, बॅटरी आणि बिजागरी एकदमच मागे लागली, तर त्यात पैसे ओतत राहणे हाही इस्राफच. मग बदला. नवाच हवा असे नाही. कार्यालयातून निघालेले, दुरुस्त केलेले लॅपटॉप मिळतात. पिढी आठवी किंवा पुढची, पक्के बिल, लेखी वॉरंटी. आणि दुकानातच अर्धा तास चार्जर काढून चालवून पाहा.

राहिला हप्ता. ‘नो कॉस्ट’ म्हणतात त्यातही बँक सहसा व्याज लावते आणि दुकानदार तेवढी सूट देतो. व्याजावरचा जीएसटी, कधी प्रक्रिया शुल्क, हे आपल्याच माथी. करारात व्याज लिहिलेले असेल तर आलिमांना विचारा, पण ‘बिनव्याजी आहे’ असे तोंडी सांगू नका. कागद सोबत न्या. ज्या घरात रिबा टाळण्यासाठी इतकी काळजी घेतात, तिथे एका लॅपटॉपसाठी न वाचता सही होऊ नये. दोन-तीन महिने थांबून रोखीने घेणे जमत असेल तर तोवर जुना संगणक एसएसडीवर चालवता येतो, आणि पुढे तो धाकट्याला किंवा मोहल्ल्यातल्या मदरशाला देता येतो.

देण्यापूर्वी हार्ड डिस्कवरचे निकाहचे फोटो, आधार-पॅनच्या प्रती दुसरीकडे उतरवून घ्या आणि ती तंत्रज्ञाकडून पूर्ण पुसून घ्या. नुसते डिलीट केलेले परत काढता येते.