भिंत पडली की पाडली?

१९८९ साली पूर्व युरोपातील कम्युनिस्ट राजवटी पाहता पाहता कोसळल्या. त्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला, तरी त्या का कोसळल्या यावर इतिहासकारांचे एकमत नाही. या वादात मला रस आहे तो एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे ‘अटळ’.

आर्ची ब्राऊन मोठे श्रेय देतात ते गोर्बाचेव्ह यांना. १९५६ साली बुडापेस्टमध्ये आणि १९६८ साली प्रागमध्ये रणगाडे धाडणाऱ्या मॉस्कोने या वेळी हात आवरला. आपली वाट निवडण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक देशाला आहे, असे गोर्बाचेव्ह डिसेंबर १९८८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत बोलून चुकले होते. स्टीफन कॉटकिन यांना सत्ताधारी वर्गच आतून पोखरलेला दिसतो. पश्चिमेकडून कर्जे काढून संसार चालवायचा आणि ती फेडण्याजोगा माल मात्र कारखान्यांतून निघायचा नाही! मेरी सरॉटी योगायोगावर बोट ठेवतात. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनमधील पत्रकार परिषदेत गुंटर शाबोव्स्की यांनी प्रवासाचे नवे नियम ‘तत्काळ’ लागू असल्याचे सांगून टाकले आणि त्याच रात्री भिंतीची फाटके उघडली.

तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण कोणतेही एक कारण पुरे पडत नाही. कर्जाचेच पाहा. रुमानियाच्या चाउशेस्कू यांनी जनतेला अर्धपोटी ठेवून परकीय कर्ज १९८९ पर्यंत जवळजवळ पूर्ण फेडले होते. तरी त्यांची सत्ता त्याच डिसेंबरात गेली, आणि तीही हजारावर माणसांचे बळी घेऊन.

उलट, पूर्व जर्मनीतील लाइपझिग शहर घ्या. ९ ऑक्टोबर १९८९ च्या संध्याकाळी तेथे सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर उतरले. चारच महिन्यांपूर्वी बीजिंगमध्ये निदर्शकांवर रणगाडे चालून गेले होते आणि पूर्व जर्मनीच्या संसदेने त्या कारवाईची पाठराखण केली होती. लाइपझिगमध्येही सशस्त्र दले सज्ज होती. आपण घरी परतू की नाही, हे त्या लोकांना ठाऊक नव्हते. गोळी सुटली नाही. महिन्याभराने भिंत उघडली.

मागे वळून पाहणाऱ्याला सारेच अटळ वाटते. पण तसे म्हटले की त्या संध्याकाळचे धैर्य हिशेबातून गळते, आणि गोळीबाराचा हुकूम न देणाऱ्यांचा निर्णयही. कर्जाने आणि मॉस्कोच्या धोरणाने दार खिळखिळे केले, हे मला मान्य आहे. ते ढकलायला मात्र माणसे घराबाहेर पडावी लागली, आणि ती पडतीलच असे तेव्हा कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.