उसाच्या शेंड्यावरून

सहा-सात महिन्यांचा ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन त्यात शिरणं ही शिक्षाच. पानांच्या कडा हात-मान कापतात, पुढची सरी दिसत नाही आणि वर मारलेलं औषध आपल्याच तोंडावर उतरतं. 2002 साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि पुढे पसरत गेला, तेव्हा औषधं नव्हती असं नाही. पण उंच वाढलेल्या उसात शिरून ती मारायची कशी? शेवटी डायफासारख्या मित्रकीटकांनीच मावा खाऊन आटोक्यात आणला. आता तशाच उसावरून दहा लिटरची टाकी घेऊन ड्रोन फिरतो. बांधावरून बघणाऱ्याला वाटतं, सगळी करामत पंख्यांची आहे. खरं तर पंखे हा त्यातला सोपा भाग.

यंत्र जवळून बघा. कार्बन फायबरच्या सहा दांड्या, प्रत्येकीच्या टोकाला मोटर, मोटरवर लांब पातं. शेजारशेजारच्या दोन पात्यांचा पीळ एकमेकांच्या उलटा असतो. बदलताना त्यांची अदलाबदल झाली, तर ड्रोन उठायच्या आधीच कलंडतो. कारण तीन पंखे घड्याळाच्या दिशेने फिरतात आणि तीन उलट. सगळे एकाच दिशेने फिरले असते तर धड विरुद्ध बाजूला गरगरलं असतं. हेलिकॉप्टरला शेपटीचा छोटा पंखा लागतो तो याचसाठी. इथे तीन विरुद्ध तीन असा ओढा फिटतो आणि पुढचा सगळा खेळ वेगाचा उरतो. सगळे पंखे जोरात फिरले की ड्रोन वर जातो. मागचे जोरात आणि पुढचे हळू फिरले की नाक खाली झुकतं आणि तो पुढे सरकतो. तोंड उजवीकडे वळवायचं तर उलटे फिरणारे तीन पंखे वेग वाढवतात, बाकीचे तेवढाच कमी करतात. सुकाणू नाही, पात्यांचा कोन बदलणारी कडी नाही. प्रत्येक मोटरमागे ईएससी नावाचा एक छोटा सर्किट बोर्ड असतो, तो बॅटरीचा प्रवाह मोटरच्या तीन तारांत आळीपाळीने सोडतो. मोटरला ब्रश नसल्यामुळे झिजायला बेअरिंगशिवाय फारसं काही नाही.

एवढं सोपं होतं, तर असली यंत्रं शंभर वर्षांपूर्वीच का उडाली नाहीत? प्रयत्न झाला होता. 1907 साली फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंच्या चार रोटरच्या यंत्राने जमीन सोडली, पण चार माणसं चार कोपऱ्यांना धरून उभी असताना. बहुपंखी यंत्राला स्वतःचा असा तोल नसतो. तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखं ते सतत पडायला निघालेलं असतं. सहा पंख्यांचा वेग क्षणोक्षणी जुळवत राहणं माणसाच्या हाताला शक्य नाही. मोबाइल फोनसारख्या वस्तूंमुळे नखाएवढे जायरो आणि ॲक्सेलरोमीटर स्वस्त झाले, तेव्हा कुठे हे काम फ्लाइट कंट्रोलरच्या डबीवर सोपवता आलं. आर्डुपायलट या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ही डबी सेकंदाला 400 वेळा कल किती, फिरकी किती हे तपासते आणि मोटरींना नवा हुकूम देते. पायलट फक्त कुठे जायचं ते सांगतो. पडू न देणं हे त्याच्या हातात नाहीच.

फवारणीत या डबीची कसोटी लागते, कारण ओझं स्थिर नसतं. टाकी अर्धी झाली की वळणावर पाणी हिंदकळतं, म्हणून टाकीत आडपडदे असतात. शिवाय वजन दर सेकंदाला घटत असतं. पिकापासून दोन-तीन मीटरवर उडायचं तर जीपीएसची उंची पुरत नाही, हवेच्या दाबाचीही नाही. पोटाखालचा रडार शेंड्याचं अंतर मोजतो. होकायंत्राला लोखंड आणि जवळचा विद्युतप्रवाह चकवतो, म्हणून नव्या गावात गेलं की दोघं जण ड्रोन उचलून गोल फिरवून कॅलिब्रेशन करताना दिसतात. बघ्यांना ते पूजेसारखं वाटत असेल तर नवल नाही.

आणि मग बॅटरी. माझ्या मते ड्रोनची खरी मर्यादा हीच. 22.2 व्होल्टच्या, 22,000 एमएएचच्या दोन बॅटऱ्या जोडल्या तर दोन्हींत मिळून जेमतेम एक युनिट वीज मावते. म्हणजे मीटरवरचा एक आकडा. भरलेली टाकी हवेत धरायला ती दहा-पंधरा मिनिटांत खर्च होते. बॅटरी मोठी केली तर तिचंच वजन उचलायला जास्त वीज. शिवाय 25 किलोच्या वर गेलं की 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे यंत्र ‘लहान’ गटातून ‘मध्यम’ गटात जातं, म्हणून भरलेल्या टाकीसकट वजन त्याच्या आत बसवायची धडपड असते. त्यामुळे फवारणीवाल्याच्या गाडीत बॅटऱ्यांचे पाच-सहा जोड आणि जनरेटर असतो. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, आणि फुगलेली तर वापरायचीच नाही.

तासन्‌तास उडायचं असेल तर पंख हवेत. विमानासारख्या ड्रोनचं वजन पंख पेलतात, मोटर फक्त पुढे ढकलते. पण त्याला धावपट्टी किंवा हाताने फेकणं आलं, आणि उसाच्या एका सरीवर तो थांबू शकत नाही. दोन्हींचा मेळ घालणारे, उभे उठून पुढे पंखांवर जाणारे ड्रोनही आहेत. नवी मुंबईच्या आयडियाफोर्जचा ‘स्विच’ त्यातला, 2021 मध्ये लष्कराने त्याची मागणी नोंदवली. या कंपनीच्या मंडळींचाच चार पंख्यांचा ड्रोन ‘थ्री इडियट्स’मध्ये दिसला होता. एका रोटरचे हेलिकॉप्टर ड्रोन जपानमध्ये यामाहाने 1980 च्या दशकातच भातशेतीवर उतरवले. पेट्रोलवर चालायचे, ताकद भरपूर, पण देखभाल किचकट.

2023 साली केंद्राने 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना काढली. किमतीच्या 80 टक्के, कमाल आठ लाखांपर्यंत अनुदान. यंत्र मिळणं त्यामुळे सोपं झालं. फवारणी मात्र तेवढ्याने सोपी होत नाही. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला दहाच्या आसपास. म्हणजे द्रावण घट्ट आणि थेंब बारीक. पंख्यांचा खालचा झोत ते पानांत ढकलतो, पण वारा असला तर तेच थेंब बांध ओलांडतात. उसातल्या तणावर मारलेलं टू-फोर-डी शेजारच्या द्राक्षबागेवर किंवा कपाशीवर गेलं तर पानं आक्रसतात आणि भांडण पोलीस पाटलापर्यंत जातं. अशा ठिकाणी तणनाशक ड्रोनने मारूच नये, आणि कीटकनाशक मारायचं तरी सकाळी वारा पडलेला असताना, वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या दोन-चार सऱ्या सोडून. त्या सऱ्या नंतर पाठीवरच्या पंपाने.